हृदय चालू आहे, मग माणूस गेला कसा?

पत्र : माझं वय ४३. ऑफिसातल्या एका बाईंचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं. त्या पुन्हा कामावर रुजू झालेल्या पाहिल्या आणि मी अवयवदानाचा अर्ज भरून टाकला. घरी मात्र यावरून वाद झाला. नवरा म्हणतो, हृदय चालू असताना माणूस गेला असं कसं म्हणायचं? मी सही करणार नाही. मुलीने कुठंतरी वाचलंय की कार्ड असलं की डॉक्टर वाचवायची खटपट कमी करतात. सासूबाईंचं म्हणणं, देह अपुरा जाऊ नये. आणि वर त्यांनीच विचारलं, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचं काही घेतात का? मला मधुमेह आहे, थायरॉइडची गोळीही चालू आहे. कार्ड काढलंय, तेवढं पुरेसं नाही का? देहदानही करायचं मनात आहे. दोन्ही करता येईल का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

कार्डाचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे. ते पुरेसं नाही. ज्या दिवशी त्याची गरज पडेल त्या दिवशी तुम्ही अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असाल, पर्स कुणाकडे तरी असेल आणि डॉक्टर बोलतील ते तुमच्या यजमानांशी. कायदा देशोदेशी वेगळा आहे. काही ठिकाणी जिवंतपणी दिलेली संमती लागते, काही ठिकाणी नकार नोंदवलेला नसेल तर संमती धरली जाते. पण व्यवहारात घरच्यांना विचारल्याशिवाय सहसा कुठेच पुढे जात नाहीत. स्पेनचं उदाहरण घ्या. तिथे १९७९ पासून संमती गृहीत धरणारा कायदा आहे आणि अवयवदानात तो देश वर्षानुवर्षं जगात आघाडीवर आहे. तिथेही कुटुंबाला विचारतात आणि ते नको म्हणाले तर थांबतात. म्हणजे तुमच्या घरातला वाद हाच खरा अर्ज आहे. म्हणून या उत्तराचा मोठा भाग तुमच्या यजमानांसाठी लिहिला आहे. त्यांना वाचायला द्या.

त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. व्हेंटिलेटर येण्याआधी हा प्रश्नच नव्हता, कारण श्वास, हृदय आणि मेंदू काही मिनिटांच्या अंतराने एकामागोमाग थांबत. यंत्र फुप्फुसांत हवा ढकलू लागलं तेव्हा डॉक्टरांसमोर असे रुग्ण आले, ज्यांचं हृदय चालू होतं पण मेंदू संपला होता. आज याला मेंदूमृत्यू म्हणतात. १९५९ मध्ये मोलारे आणि गुलों या फ्रेंच डॉक्टरांनी या अवस्थेचं वर्णन ‘कोमाच्याही पलीकडची’ असं केलं. १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने तिचे निकष मांडले.

हे घडतं कसं ते पाहू. जबर मार, मोठा रक्तस्राव किंवा बराच वेळ प्राणवायू न मिळणं यामुळे मेंदू सुजतो. हात सुजला तर त्वचा ताणते, पोट सुजलं तर फुगतं. कवटी मात्र हाडाची बंद पेटी आहे. सूज वाढत जाते तसा आतला दाब वाढतो. तो रक्तदाबापेक्षा वर गेला की मेंदूकडे रक्त चढतच नाही. कवटीच्या तळाशी एकच मोठी वाट असते, मणक्यात उतरणारी. सुजलेला मेंदू खालच्या बाजूने त्या वाटेत दाबला जातो आणि तिथलाच मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदूला मणक्यातल्या मज्जारज्जूशी जोडणारा देठासारखा भाग, चिरडला जातो. श्वासाचं केंद्र या मस्तिष्कस्तंभात असतं. ते गेलं की माणूस स्वतःहून पुन्हा कधीच श्वास घेत नाही.

मग हृदय का चालतं? कारण त्याला ठोका द्यायला मेंदू लागत नाही. हृदयाच्या भिंतीतच ठोके सुरू करणाऱ्या पेशींचा एक पुंजका असतो. मेंदू फक्त वेग कमीजास्त करतो. प्रत्यारोपणासाठी काढलेलं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवून रक्त सोडलं की पुन्हा धडधडू लागतं, तेही याच पुंजक्यामुळे. व्हेंटिलेटर प्राणवायू देत असतो तोवर ते चालतं. मेंदू गेल्यावर रक्तदाब, शरीराचं तापमान, लघवीचं प्रमाण यांच्यावर कुणाचाच ताबा उरत नाही, त्यामुळे यंत्र लावलेलं असूनही बहुतेक वेळा काही तासांत किंवा काही दिवसांत हृदयही थांबतं.

आता हे ठरवतात कसं. ‘डॉक्टर म्हणाले म्हणून’ एवढ्यावर कुणी विश्वास ठेवू नये, आणि ठेवायची गरजही नाही. चाचणीला हात लावण्याआधीच काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. मेंदूला इजा कशाने झाली ते माहीत हवं आणि ती स्कॅनवर दिसायला हवी. शरीराचं तापमान ३६ अंश सेल्सियसच्या आसपास किंवा वर हवं, कारण गारठलेला माणूस मेल्यासारखा दिसू शकतो. वरचा रक्तदाब १०० च्या खाली नको. झोपेच्या, भुलीच्या किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा अंमल पूर्ण उतरलेला हवा. साखर किंवा सोडियम फार बिघडलेलं असेल तर ते आधी सुधारावं लागतं. चूक झालीच तर इथे होते. औषध अंगात असताना घाईने केलेल्या चाचणीला काही अर्थ नसतो. तेव्हा यजमानांनी विचारायचा पहिला प्रश्न हा : ‘शेवटचं भुलीचं औषध कधी दिलं होतं?’

त्यानंतर मस्तिष्कस्तंभाचं एकेक काम तपासतात. डोळ्यात प्रखर उजेड टाकला तर बाहुली आकसते का? बुबुळाला कापसाचा बोळा लावला तर पापणी मिटते का? डोकं झटकन एका बाजूला वळवलं तर डोळे फिरतात का? कपाळाखालच्या हाडावर जोराने दाबलं तर चेहरा आक्रसतो का? नळी घशातून खोल घातली तर ठसका लागतो का? डोक्याकडची बाजू ३० अंश उचलून कानात बर्फासारखं थंड पाणी सोडतात, निदान ५० मिलिलिटर, आणि मिनिटभर डोळ्यांकडे पाहत राहतात. जिवंत मस्तिष्कस्तंभ असेल तर डोळे हलतातच. इथे काहीच होत नाही. पाच मिनिटं थांबून दुसऱ्या कानात तेच.

शेवटची चाचणी श्वासाची, आणि यजमानांच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यात आहे. आधी दहा मिनिटं शुद्ध प्राणवायू देतात. धमनीतलं रक्त घेऊन कार्बन डायऑक्साइड मोजतात. त्याचा दाब साधारण ४० असतो, रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरांत. मग व्हेंटिलेटर बाजूला करतात. श्वासनळीत बारीक नळीने प्राणवायू चालूच राहतो, त्यामुळे ऊती गुदमरत नाहीत, पण हवा आतबाहेर होत नाही आणि कार्बन डायऑक्साइड साचत जातो. छाती आणि पोट उघडं ठेवून पलंगाजवळ उभं राहून पाहत राहायचं. आठ ते दहा मिनिटं. श्वास रोखून पाहा, मिनिटभरात छाती आतून ढकलू लागते. ती ढकल याच वायूमुळे असते. मस्तिष्कस्तंभात थोडी जरी धुगधुगी असेल तर तो वायू ६० वर गेल्यावर माणूस श्वास घेतल्याशिवाय राहू शकत नाही. पुन्हा रक्त घेतात. आकडा ६० किंवा त्यावर आणि आधीपेक्षा निदान २० ने वाढलेला असेल आणि एकदाही छाती हलली नसेल, तरच श्वासाचं केंद्र गेलं असं धरतात. मध्येच रक्तदाब कोसळला किंवा प्राणवायू उतरला तर चाचणी थांबवतात आणि मेंदूत रक्त पोचतं का ते वेगळ्या तपासणीने पाहतात.

किती डॉक्टरांनी तपासायचं, दोनदा करायचं का आणि मध्ये किती तास हवेत, हे जिथल्या तिथल्या कायद्याने ठरतं. एक गोष्ट मात्र बहुतेक सगळीकडे सारखी आहे : हे डॉक्टर प्रत्यारोपणाच्या गटातले नसतात. यजमानांना एवढंच सांगा की श्वासाची चाचणी समोर पाहू द्या अशी विनंती करता येते आणि बऱ्याच ठिकाणी ती मानली जाते. ती दहा मिनिटं पाहायला जड आहेत. पण ज्यांना ‘हृदय चालू आहे ना?’ हा प्रश्न आयुष्यभर छळणार असतो, त्यांनी ती पाहिलेली बरी.

दोन गोष्टी आधीच कानावर असू द्या, नाहीतर ऐन वेळी गोंधळ उडतो. कोमा म्हणजे मेंदूमृत्यू नव्हे. कोमातल्या माणसाच्या मेंदूत रक्त फिरत असतं, अनेकदा तो स्वतः श्वास घेतो आणि त्याला जाग येऊ शकते. ‘अमुक जण महिन्यांनी शुद्धीवर आला’ अशा बातम्या येतात त्या अशा रुग्णांच्या. दुसरी गोष्ट, मेंदूमृत व्यक्तीचा हात किंवा पाय कधीकधी हलतो. क्वचित दोन्ही हात छातीकडे वर येतात. ही हालचाल पाठीच्या कण्यातून येते, मेंदूतून नाही. पण कुणी आधी सांगितलेलं नसेल आणि घरच्यांनी हात हलताना पाहिला, तर त्यांचा कुणावरच विश्वास राहत नाही. त्यात त्यांची काही चूक नाही. सांगायला हवं होतं ते सांगितलं गेलेलं नसतं.

आता लेकीची शंका. तिला कामाचा क्रम सांगा. अपघात झाला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला की उपचार करणारे डॉक्टर कार्ड शोधत बसत नाहीत, त्यांना त्याची गरजही नसते. प्रत्यारोपण समन्वयक घरच्यांशी बोलायला येतो तो मेंदूमृत्यू ठरल्यावर, निदान सगळे उपाय थकल्यावर. शिवाय अर्धवट उपचार केलेल्या शरीरातले अवयव बिघडतात. रक्तदाब घसरला की मूत्रपिंडं जातात, प्राणवायू कमी पडला की यकृत जातं. म्हणजे ज्या उपचारांनी माणूस वाचतो त्यांनीच अवयवही टिकतात. तिने असाही विचार करावा : घरी, रस्त्यात किंवा साध्या वॉर्डात मृत्यू आला तर हृदय-यकृत सहसा देता येत नाही. अवयवदानाला योग्य ठरतील असे मृत्यू शंभरात जेमतेम एखादा. म्हणूनच प्रतीक्षा यादी हलत नाही, आणि म्हणूनच त्या एका वेळी घरातून गेलेला नकार फार महागात पडतो.

होकार दिल्यावर काय होतं तेही माहीत असावं, कारण तोवर धीर सुटत आलेला असतो. सही केली की तासाभरात सगळं उरकत नाही. पुढचे बारा ते चोवीस तास लागू शकतात. मेंदू गेल्यामुळे लघवी रोखणारं संप्रेरक बनत नाही आणि शरीरातलं पाणी लिटरांनी वाहून जातं. ते भरून काढणं, रक्तदाब सांभाळणं, अंग गरम ठेवणं चालू असतं. कावीळ, एचआयव्ही अशा संसर्गांसाठी रक्त तपासलं जातं. रक्तगट आणि ऊतींची जुळणी पाहतात. हृदय आणि फुप्फुसांसाठी छातीचा आकारही जुळावा लागतो. यादीतून रुग्ण शोधतात, त्यांना बोलावून घेतात. अपघात असेल तर पोलिसांचे कागद आणि शवविच्छेदनाची परवानगी वेगळी, आणि तिथेच जास्त वेळ जातो. एका नातेवाइकाने फक्त हे कागद पाहायचे असं ठरवून टाकलं तर बाकीच्यांना जवळ बसता येतं.

शस्त्रक्रिया इतर कुठल्याही शस्त्रक्रियेसारखीच निर्जंतुक खोलीत होते. अवयवातलं रक्त थंड द्रावणाने धुऊन काढतात. तो द्रावणासह एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, मग तिसऱ्या, आणि ते सगळं बर्फाच्या पेटीत. तीन पिशव्या कशासाठी? बर्फ थेट लागला तर पेशी गोठून फुटतात. अवयव थंड हवा, गोठलेला नको. इथून घड्याळ सुरू होतं. हृदयाला साधारण चार ते सहा तास, फुप्फुसांना सहा ते आठ, यकृताला आठ ते बारा, मूत्रपिंडांना चोवीस ते छत्तीस. म्हणून हृदयासाठी रस्ते मोकळे करतात आणि मूत्रपिंड लांबच्या गावीही जाऊ शकतं. काही ठिकाणी आता अवयवातून सतत द्रावण किंवा रक्त फिरवणारी यंत्रं वापरतात, तिथे ही मुदत वाढते.

‘एका दात्यामुळे आठ जीव वाचतात’ असं तुम्ही वाचलं असेल. हृदय, दोन फुप्फुसं, यकृत, दोन मूत्रपिंडं, स्वादुपिंड आणि लहान आतडं, असा तो हिशेब आहे. पण ही कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात बऱ्याचदा तीनच्या आसपास अवयव उपयोगी पडतात. आठाचा आकडा सांगून घरच्यांना तयार करू नका. दोनच मूत्रपिंडं उपयोगी पडली तरी काय होतं ते तुमच्या ऑफिसातल्या बाईंना विचारा. आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस, मोजून पाणी, फळं कुठली खायची तेही डॉक्टरांना विचारून. इतकं करूनही यंत्र निरोगी मूत्रपिंडाच्या कामाचा लहानसा भागच करतं. प्रत्यारोपणानंतर हे सुटतं. पण त्या पूर्ण बऱ्या झाल्या असंही समजू नका. परका अवयव शरीर नाकारू पाहतं, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं ठरलेल्या वेळी रोज घ्यावी लागतात, अवयव चालू असेतो. गोळ्या चुकल्या की अवयव गमवावा लागतो. १९५४ मध्ये बॉस्टनला जोसेफ मरी यांनी केलेलं पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण सारख्या जुळ्या भावांमध्ये होतं, ते याच कारणाने. १९६७ मध्ये केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदय बसवलं, तो रुग्ण १८ दिवस जगला. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध वापरात आलं आणि मग कुठे हे उपचार रुळले.

तुमचा मधुमेह आणि थायरॉइड. थायरॉइडची काळजीच नको. मधुमेहामुळे मूत्रपिंडांवर परिणाम झाला असू शकतो. ते त्या वेळी रक्तातल्या क्रिएटिनिनवरून, लघवीतल्या प्रथिनांवरून, गरज पडली तर तुकडा काढून तपासतात. स्वादुपिंड बहुधा घेणार नाहीत, यकृत घेऊ शकतील. पसरलेला कर्करोग किंवा आटोक्यात न आलेला गंभीर संसर्ग अशी मोजकी कारणं सोडली तर सरसकट नकार नसतो. आपण होऊन स्वतःला बाद करू नका. हा निर्णय त्या दिवशीचे डॉक्टर घेतात. अर्जात आजार आणि औषधं खरी लिहा, इतकंच.

देहदान ही वेगळी गोष्ट आहे आणि या दोन्हींत फार गल्लत होते. देहदानात अख्खा देह वैद्यकीय महाविद्यालयाला शरीररचनेच्या अभ्यासासाठी जातो. तिथे अवयव शाबूत असलेला देह लागतो. अवयव काढून घेतले असतील किंवा शवविच्छेदन झालं असेल तर महाविद्यालयं बहुधा देह स्वीकारत नाहीत. नेत्रदान झालेलं मात्र सहसा चालतं. दोन्ही अर्ज भरायला हरकत नाही, पण क्रम घरच्यांना सांगून ठेवा : व्हेंटिलेटरवर मेंदूमृत्यू झाला तर अवयवदान, नाहीतर नेत्रदान आणि मग देहदान.

यजमान कदाचित म्हणतील, मूत्रपिंडं द्या, हृदय नको. हेही चालतं. संमती अवयवागणिक देता येते. त्यांना ‘सगळं किंवा काहीच नाही’ अशा कोंडीत धरू नका. बोलून झालं की त्यांच्याचकडून दोन ओळी लिहून घ्या, तुम्हाला काय हवंय ते त्यांच्या शब्दांत, आणि त्या लेकीलाही पाठवा. त्या रात्री तुमच्या भावंडांपैकी कुणीतरी ‘तिला हे नको होतं’ म्हणणारच. तेव्हा त्या दोन ओळी उपयोगी पडतील.

सासूबाईंना सांगा, देह परत मिळतो आणि तो नीट शिवलेला असतो. छातीपासून ओटीपोटापर्यंत टाक्यांची एक ओळ, कपड्याखाली झाकली जाते. चेहऱ्यावर काही दिसत नाही. यापलीकडे, देह अख्खा जावा हे त्यांच्या मनाचं आहे, त्यावर वाद घालू नका. उलट त्यांनी स्वतःबद्दल विचारलंय त्याला नीट उत्तर द्या. वयाची सरसकट अट नाही, सत्तरी ओलांडलेल्यांची यकृतं आणि मूत्रपिंडंही वापरली गेली आहेत. आणि नेत्रदानाला तर व्हेंटिलेटर, अतिदक्षता विभाग काहीच लागत नाही. घरी, वयोमानाने मृत्यू आला तरी डोळे देता येतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असो, चष्मा असो, मधुमेह असो, चालतं. फक्त वेळ थोडा असतो : शक्यतो सहा तासांच्या आत नेत्रपेढीचा माणूस पोचायला हवा. म्हणून फोन आधी, बाकीचं नंतर. पंखा बंद करायचा, पापण्या मिटायच्या, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, डोक्याखाली दोन उशा द्यायच्या म्हणजे रक्त डोळ्यांत उतरत नाही. मृत्यूचा दाखला हाताशी ठेवायचा. काम अर्ध्या तासाचं असतं, थोडं रक्त तपासणीला घेतात, पापण्या पुन्हा मिटलेल्या दिसतात. दोन डोळ्यांचे कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचे पारदर्शक पडदे, दोघांना बसवता येतात. नेत्रपेढीचा नंबर फोनमध्ये तर असूच द्या, आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून सासूबाईंच्या औषधांच्या डब्याच्या झाकणावरही चिकटवा.